एकाच घरात वाढलो, मग एकाचा देव आहे आणि एकीचा नाही, असं का?

ताळेबंद

नमस्कार मंडळी. देव आहे की नाही यावर इथे ढीगभर धागे आहेत आणि त्यातले निम्मे भांडणं होऊन बंद पडलेत. हा त्यातला नाही. मला एवढंच विचारायचंय की देवाबद्दल तुमचं जे काही मत आहे, ते तुमच्याकडे आलं कुठून?

व्यवसायाने मी लेखापरीक्षक. समोर आकडा आला की आधी विचारायचं, पावती कुठाय? आकडा बरोबर असला तरी पावती लागतेच. तीच खोड इथे घेऊन आलेय.

आम्ही दोघं भावंडं, मी थोरली. घर एक, शाळा एक, अंगावर पडलेले संस्कारही तेच. वडील लांबलेल्या आजारात गेले. अतिदक्षता विभागाबाहेर एक बाक होता, त्यावर आम्ही आळीपाळीने रात्र काढायचो. त्या काळात भाऊ प्रार्थना करू लागला, ती आजतागायत सुरू आहे. मी त्याच बाकावर बसून ठरवलं की ऐकायला तिकडे कुणी नाही. आणि ते ठरल्यावर मला हायसं वाटलं, हे सांगताना अजूनही थोडं अवघडायला होतं. वडिलांवर जीव दोघांचाही सारखाच होता.

पुस्तकांत शोधलं तर तिथेही हाच घोळ. डार्विनचं उदाहरण सगळे देतात. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली आणि त्याची श्रद्धा संपली. दुसरीकडे आपले तुकोबा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंद्याचं दिवाळं वाजलं आणि माणूस पुरता विठ्ठलाचा झाला. दुष्काळाने पिडलं ते बरंच झालं, असं ते स्वतःच देवाला सांगतात. दुःख सारखंच आणि दिशा उलट! एकच कारण दाखवून दोन विरुद्ध परिणाम मांडले असतील, तर आमच्याकडे त्या नोंदीवर लाल खूण पडते.

तेव्हा हकीकत लिहा, वाद नको. 'ते सत्यच आहे म्हणून मी मानतो' हे उत्तर बाद. 'पुरावा नाही म्हणून मानत नाही' हेही बाद, कारण पुरावा नाही हे ठाऊक असूनही मानणारी, तुमच्या-माझ्याइतकीच हुशार माणसं आजूबाजूला भरपूर आहेत.

---

बिनआवाजी

माझं उत्तर सोपं आहे. आईकडून.

वडील देवाबद्दल भरपूर बोलायचे. बोलणं सुरेख, ऐकत राहावं असं. पण घेतलेले पैसे परत द्यायची वेळ आली की आम्हा मुलांना दारात पाठवून 'बाबा घरी नाहीत' म्हणायला लावायचे. आई याबाबतीत एक अक्षर बोलत नसे. नात्यातल्या एका मालमत्तेच्या भांडणात तिने एक खोटं वाक्य सांगितलं असतं तर आमच्या वाट्याला बरंच काही आलं असतं. सगळे तिच्या मागे लागले होते. ती एवढंच म्हणाली, "त्याला काय तोंड दाखवू?" वाटा गेला आणि पुढे काही वर्षं आम्ही तंगीत काढली. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला तिचा रागच आला होता.

त्या दिवशी मला देव पटला असं अजिबात नाही. तिच्यापुरता तो खरा आहे एवढं मात्र पटलं. खोट्या गोष्टीसाठी कुणी एवढं सोडत नाही, असं त्या वयाचं गणित. माझ्या श्रद्धेच्या खाली आजही तेच आहे. वडिलांच्या रसाळ बोलण्यातलं काहीच माझ्यापर्यंत पोचलं नाही.

---

उलटतपासणी

बिनआवाजी, हकीकत आवडली. पण ताळेबंदताई, एक हरकत नोंदवतो. तुमचा नियमच एका बाजूला झुकलेला आहे. विचार करून मत बनवणारी माणसं जणू नसतातच, असं तुम्ही धरून चाललाय.

माझ्या घरी सगळे सश्रद्ध. मीही होतो, चांगला मनापासून. कॉलेजात असताना एक साधा प्रश्न डोक्यात शिरला. जगातल्या बहुतेक माणसांचा देव तोच निघतो जो त्यांच्या आईवडिलांचा होता. मग मी दुसऱ्या घरात जन्मलो असतो तर आज ज्याला खोटं म्हणतो त्यालाच प्राणपणाने खरं म्हटलं असतं. पुढची दोन-तीन वर्षं वाचन, मित्रांशी वाद आणि रात्रीचं जागरण यांत गेली. शेवटी सुटलो. कुणी मेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं.

आणि भगतसिंगांना कुठे बसवणार? १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिलेल्या निबंधात त्यांनी सगळा प्रवास सांगितलाय. आजोबा आर्यसमाजी. शाळेत असताना ते स्वतः तासन्‌तास गायत्री मंत्र म्हणत. पुढे क्रांतिकारकांत आल्यावर, विरोधकांच्या युक्तिवादांना उत्तरं देता यावीत म्हणून अभ्यास सुरू केला आणि १९२६च्या अखेरीला देवाची कल्पना निराधार आहे अशी त्यांची खात्री झाली. १९२७ मध्ये अटक झाली तेव्हा पोलिसांनी त्यांना देवाची प्रार्थना करायला सुचवलं. त्यांनी स्वतःशी विचार केला आणि ठरवलं की करायची नाही. फाशी समोर दिसत असतानाही मत हललं नाही. भीतीतून देव जन्मतो म्हणणाऱ्यांनी याचा हिशेब द्यावा.

शिवाय यावर प्रयोगही झालाय. २०१२ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला होता. रोदाँचा तो हनुवटीला हात लावून बसलेला विचारवंत आहे ना, त्या शिल्पाचा नुसता फोटो दाखवल्यावरही लोकांनी देवावरचा विश्वास कमी नोंदवला. विचार जागा झाला की श्रद्धा मागे सरते.

---

वर्गाबाहेर

बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. प्रतिसाद लांबेल, आधीच सांगते.

आधी उलटतपासणींचा तो फोटो. २०१७ मध्ये हाच प्रयोग कितीतरी जास्त माणसं घेऊन पुन्हा केला गेला आणि परिणाम सापडला नाही. मूळ संशोधकांपैकी एकाने ते मोकळेपणाने मान्यही केलं. तेव्हा तो पुरावा वहीतून काढून टाका. भगतसिंगांचं उदाहरण मात्र भक्कम आहे, ते राहू द्या. मला त्यात एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तुम्हाला काय किंवा त्यांना काय, वाद घालायला मित्र होते, आणि त्या मित्रांत न मानणं चालत होतं. एकट्याने बंद खोलीत विचार करून श्रद्धेतून बाहेर पडलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. असेलही कुठे.

बिनआवाजींनी जे लिहिलंय त्यावर जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ मध्ये एक सिद्धान्त मांडलाय. मुलं मोठ्यांचं बोलणं जसंच्या तसं उचलत नाहीत. बोलणाऱ्याला त्या बोलण्याची किंमत मोजताना पाहिलं तरच ते त्यांच्यात उतरतं. उपास, दान, कष्ट, तोटा सोसून खरं बोलणं, असं काहीतरी दिसावं लागतं. नुसतं प्रवचन ऐकून मोठी झालेली मुलं पुढे सहज निसटतात. तुमच्या घरात तर दोन्ही नमुने समोरासमोर होते.

आता ताळेबंद, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. 'घर एक' हेच मुळात तपासायला हवं. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या जुळ्या भावांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढ वयातल्या जुळ्यांना विचारलं होतं की आता तुम्ही किती धार्मिक आहात आणि लहानपणी घरी असताना किती होतात. लहानपणी माणसामाणसांत जो फरक होता त्यातला साधारण ५६ टक्के वाटा सामायिक घराचा निघाला आणि १२ टक्के अनुवंशाचा. मोठेपणी घर १८ टक्क्यांवर उतरलं आणि अनुवंश ४४ वर चढला. म्हणजे आईवडिलांच्या छपराखाली असेपर्यंत भावंडं सारखी दिसतात, मग ज्याचा त्याचा स्वभाव वर येतो. 'देवाचं जनुक' असा अर्थ कुणी काढू नका. कुणाला शिस्त आवडते, कुणाला आज्ञा टोचते, कुणी एकटं असताना मनातल्या मनात बोलत राहतं. असल्या गोष्टींचा तो अनुवंश. आणि लहानपणचे आकडे हे मोठेपणीच्या आठवणीवरून आलेत, हेही विसरू नका.

इंग्लंडमधले तीन न्यूमन भाऊ बघा. थोरला जॉन हेन्री अँग्लिकन धर्मगुरू होता, १८४५ मध्ये कॅथलिक झाला आणि १८७९ मध्ये कार्डिनल. मधला चार्ल्स नास्तिक. धाकटा फ्रान्सिस ख्रिस्ती चौकटीतून बाहेर पडला पण देव धरून राहिला. तिघांची आई एक, वडील एक, आणि वडिलांच्या धंद्याला बसलेला तडाखाही तिघांनी पाहिलेला.

डार्विनची गोष्ट लोक सांगतात तितकी सरळ नाही. त्याच्या शंका १८३०च्या दशकाच्या शेवटीच सुरू झाल्या होत्या. लग्नाआधी त्याने त्या होणाऱ्या बायकोला, एमाला, सांगितल्याही होत्या. त्याच्या वडिलांनी लपवायला सांगितलं असताना! आत्मचरित्रात तो म्हणतो की अविश्वास इतक्या सावकाश चढत गेला की त्याचा त्रासही झाला नाही. १८७९ च्या एका पत्रात तर तो स्वतःला नास्तिक म्हणायला नकार देतो आणि अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवून घेतो. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची एमा. ॲनी तिचीही मुलगी. तिने तेच मरण सोसलं आणि ती शेवटपर्यंत श्रद्धावान राहिली. तुकोबांच्या घरीही विठ्ठल पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, दुष्काळाने तो नव्याने आणला नाही.

म्हणून माझं मत असं की संकट दिशा ठरवत नाही. माणूस आधीच ज्या बाजूला कललेला असतो तिकडे ते ढकलतं. क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ ला भूकंप झाला, १८५ माणसं गेली. योगायोगाने न्यूझीलंडमध्ये त्याच त्याच माणसांची मतं वर्षानुवर्षं विचारणारी पाहणी आधीपासून चालू होती, त्यामुळे भूकंपापूर्वीची उत्तरं हाताशी होती. एरवी देशात धर्म ओसरत असताना भूकंपाची झळ बसलेल्यांमध्ये मात्र तो वाढलेला दिसला. सगळे यावरच थांबतात. पण त्याच लोकांतल्या काहींची श्रद्धा सुटलीही, आणि बहुसंख्य होते तिथेच राहिले. घराच्या भिंती हलल्या, मत हललं नाही.

एक राहिलं. आपण 'माझं मत' म्हणतो ते बहुधा एक नसतंच. जस्टिन बॅरेट आणि फ्रँक काइल यांचा १९९६ चा एक प्रयोग आहे, मी वर्गात नेहमी करून बघायचे. आधी मुलांना विचारायचं, देव कसा? ती लिहून देत की सर्वव्यापी, एकाच वेळी सगळीकडे. मग एक गोष्ट वाचून दाखवायची. नदीत पोहणाऱ्या एका मुलाचा पाय खडकात अडकतो, तो प्रार्थना करतो. देव त्या वेळी जगात दुसरीकडे कुणाच्या तरी प्रार्थनेला उत्तर देत असतो, आणि थोड्याच वेळात तो खडक हलवून मुलाला सोडवतो. थोड्या वेळाने ही गोष्ट मुलांकडून परत वदवून घ्यायची. हमखास ऐकू येणार, "देव ते काम आटपून मग इकडे आला." गोष्टीत असं कुठेच नाही! कागदावर लिहायचा देव वेगळा, आणि मनात धावाधाव करणारा, माणसासारखा देव वेगळा. गंमत म्हणजे वर्गातली कट्टर नास्तिक मुलंही असंच सांगायची. मत कुठून आलं हे शोधताना यातलं कुठलं मत, हेही ठरवावं लागेल.

---

निशाचर

वरच्या कुठल्याच खात्यात मी बसत नाही.

आईवडील दोघेही न मानणारे. माझ्यावर कुणी काही लादलं नाही, घरात तो विषयच नव्हता. मी मालवाहू जहाजावर अभियंता होतो. एका बंदराबाहेर नांगर टाकून वाट बघत होतो. मुख्य इंजिन थांबलेलं, पाळी संपवून पहाटेच्या आत डेकवर आलो. समुद्र सपाट. आणि कुणीतरी मला ओळखतंय असं वाटलं. दिसलं काही नाही, ऐकू आलं नाही. ओळखतंय, एवढंच. काही मिनिटं टिकलं असेल. थकवा होता, झोप अपुरी होती, सगळं मान्य. तरी त्या रात्रीनंतर 'कुणी नाही' असं मला म्हणता आलेलं नाही.

पुढे वाचताना पास्कल सापडला. गणिती, यंत्र बनवणारा माणूस. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहा ते साडेबाराच्या सुमाराला त्याला काहीतरी झालं. त्याने ते कागदावर उतरवलं, कुणाला दाखवलं नाही आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं. १६६२ मध्ये तो गेल्यावर नोकराला सापडलं. त्यात त्याने लिहिलंय की हा अब्राहम, इसहाक आणि याकोब यांचा देव, तत्त्वज्ञांचा नव्हे.

मग सापडला ए. जे. एअर. आयुष्यभर नास्तिक, नावाजलेला ब्रिटिश तत्त्वज्ञ. १९८८ मध्ये त्याचं हृदय चार मिनिटं थांबलं होतं. शुद्धीवर आल्यानंतर त्याने लिहिलं की एक झगझगीत तांबडा प्रकाश दिसला आणि विश्वाचा कारभार त्या प्रकाशाकडे आहे असं जाणवलं. देव नाही हे मत मात्र त्याने बदललं नाही. पास्कलला असा प्रकाश दिसता तर त्याने काय म्हटलं असतं, सांगायला नको.

अनुभव खात्री देतो, नाव देत नाही, असं मला वाटतं. नाव आपण आधीच बरोबर घेऊन आलेलो असतो. पास्कलकडे बायबल होतं. माझ्या घरात कुठलंच नाव नव्हतं, म्हणून माझा देव अजून बिननावाचा आहे. कुठल्याही प्रार्थनेत मला मिसळता येत नाही आणि नास्तिक मित्रांतही पूर्वीसारखं मोकळं वाटत नाही. ताळेबंद, पावती मागाल तर माझ्याकडे नाही. रक्कम मात्र जमा झालेली आहे.

---

ताळेबंद

सगळ्यांचे आभार. निशाचर, शेवटचं वाक्य आमच्या कार्यालयात ऐकवलं, साहेबसुद्धा हसले.

वर्गाबाहेर यांचा प्रतिसाद वाचून काल भावाला फोन केला. थेट विचारलं, तुझं त्या बाकावर सुरू झालं ना? तो म्हणाला, छे. आमच्या जुन्या घराचा जिना अंधारा होता. रात्री एकट्याने उतरावं लागलं की तो मनातल्या मनात कुणाशी तरी बोलत उतरायचा. मी चिडवीन म्हणून कधी सांगितलं नाही. बाकावर त्याने फक्त ते उघडपणे केलं. मी त्याच जिन्यावरून पायऱ्या मोजत उतरायचे.

म्हणजे वर्गाबाहेर म्हणतात तो कल आधीचाच. पण माझं पुरतं समाधान झालेलं नाही. आज श्रद्धा असलेल्या माणसाला लहानपणचा तोच जिना आठवणार, आणि मला माझ्या पायऱ्या. दोन्ही नोंदी मागाहून केलेल्या. उद्या मी मानायला लागले तर मलाही कुठलातरी अंधार आठवेलच. जुळ्यांच्या अभ्यासातली लहानपणची उत्तरंही अशीच मोठेपणी दिलेली होती ना? तिथे मी तर शेरा मारला असता.

बिनआवाजी, एक विचारायचं राहिलं. आईने तो वाटा सोडला नसता तर?

---

बिनआवाजी

तर मी आज बहुतेक वडिलांसारखा बोलत असतो. छान बोलत असतो.

---

वर्गाबाहेर

ताळेबंद, शेरा रास्त आहे. म्हणूनच मला क्राइस्टचर्चची पाहणी जुळ्यांच्या अभ्यासापेक्षा जवळची वाटते. तिथली आधीची उत्तरं खरोखर आधीच लिहिलेली होती. तुमच्या जिन्याची तशी नोंद मिळायची नाही. घरात कुणाची जुनी रोजनिशी असेल तर मात्र बघा. आमच्या विषयात असल्या वह्यांना फार मोल आहे.

---

उलटतपासणी

फोटोचा प्रयोग वहीतून काढला. मित्रांचा मुद्दा अर्धाच मान्य. मित्र होते, पण त्यातले बरेच आज पुन्हा मानायला लागलेत आणि मी नाही. तेव्हा नुसत्या संगतीने भागत नाही.

एक ताजी हकीकत मात्र लिहितो, कारण तिने माझी पंचाईत केलीय. मुलगी नऊ वर्षांची. परवा तिची मैत्रीण घरी आली होती. आतल्या खोलीतून ऐकू आलं, मैत्रिणीने विचारलं, "तू देवाला काय मागतेस?" आमची ठणकावून म्हणाली, "आमच्याकडे देव मानत नाहीत." मी तिला याबद्दल आजवर चकार शब्द सांगितलेला नाही. तिने काही वाचलेलं नाही, कुणाशी वाद घातलेला नाही, रात्री जागलेली नाही. मी दोन-तीन वर्षं घासून जे मिळवलं ते तिला शाळेच्या दप्तराबरोबर फुकट मिळालंय. मी हिच्या वयाचा असताना अगदी याच ठसक्यात उलट बोलायचो.

आता तिला बसवून माझी बाजू समजावून सांगावी, की मुद्दाम गप्प राहावं? बायको म्हणते गप्प राहा. वर्गाबाहेर, तुमचं काय मत?

---

वर्गाबाहेर

समजावू नका, तुम्ही वकिली सुरू कराल. तिलाच विचारा की मैत्रीण मागते तेव्हा तिला काय मिळतं असं तुला वाटतं. मध्ये बोलू नका. आणि ती जे म्हणेल ते त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा, ताळेबंदना पुढे पावती लागेल.